इशारा आणि आसरा



मळवली स्थानकावरून भाजे गाव ओलांडून घाट चढू लागले की लोहगड आणि विसापूर या दोन किल्ल्यांमधली गायमुख खिंड लागते. खिंडीच्या पलीकडे, लोहगडाच्या कातळाखाली लोहगडवाडी वसलेली आहे. पावसाळ्यात या परिसरावर ढग उतरतात, कड्याकड्यांवरून पाणी कोसळते आणि पुण्या-मुंबईहून माणसांची रीघ लागते. पाहुण्याला हे दृश्य अल्लाहच्या कृपेची निशाणी वाटते, आणि ती आहेच. परंतु ज्याचे घर त्या उताराखाली आहे, त्याला त्याच पावसात रात्री झोप लागत नाही. जुलै १९८९ मध्ये खालच्या भाजे गावावर दरड कोसळून जवळजवळ चाळीस माणसे दगावली. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण हे गाव डोंगराखाली गाडले गेले आणि १५१ जणांनी प्राण गमावले. त्यानंतर पुणे जिल्ह्यातील दरडीचा धोका असलेल्या गावांची पाहणी होऊन यादी करण्यात आली. त्या यादीत मावळातील तुंग, भुशी, ताजे या गावांबरोबर लोहगडचेही नाव आहे.

यादीत नाव आले म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर नोटीस येते. अतिवृष्टी झाल्यास सुरक्षित स्थळी जावे, असा तिचा आशय असतो. त्यात चुकीचे काहीच नाही. पण ती हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाचा क्षणभर विचार करा. जुलै हा भाताच्या लावणीचा महिना. ज्यांची जेवणाची वा चहा-भज्यांची सोय पाहुण्यांवर चालते, त्यांचाही वर्षाचा हंगाम हाच. गोठ्यात जनावरे आहेत. सुरक्षित स्थळ म्हणजे नेमके कोणते, तेथे किती दिवस राहायचे, जनावरांचे काय करायचे, बुडालेली मजुरी कोण देणार, यांपैकी कशाचेही उत्तर नोटिशीत नसेल तर तो माणूस काय करील? तो घरीच राहील. आणि अल्लाह न करो, एखाद्या रात्री डोंगर खाली आला, तर कार्यालयातील कपाटातून तीच नोटीस बाहेर निघेल आणि म्हटले जाईल : आम्ही तर लेखी कळविले होते.

दप्तरात हे उत्तर चालेल. परंतु ज्या दिवशी कोणतेही दप्तर आपल्या बाजूने बोलणार नाही, त्या दिवशी चालेल काय? धोक्याची सूचना दिली म्हणजे अधिकार असलेल्या माणसाची जबाबदारी संपते काय, या एका प्रश्नावर आज आपण विचार करू.

कायद्याने काय मान्य केले आहे

एके काळी आपल्या देशात आपत्ती म्हणजे मदतवाटप, एवढाच शासकीय अर्थ होता. संकट कोसळल्यावर धान्य, घोंगड्या आणि अनुदान पोहोचविणे हे सरकारचे काम. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबाद भागातील हजारो माणसे झोपेतच घेतली, तेव्हापासून महाराष्ट्राने पूर्वतयारीचा गांभीर्याने विचार सुरू केला. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीनंतर संसदेने आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ संमत केला. या कायद्याने देशपातळीवर पंतप्रधानांच्या, राज्यपातळीवर मुख्यमंत्र्यांच्या आणि जिल्हापातळीवर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरणे उभी केली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, म्हणजे एनडीआरएफ, याच कायद्यातून जन्माला आले. त्याची पाचवी तुकडी आपल्याच मावळ तालुक्यात, तळेगावजवळ सुदुंबरे येथे आहे.

या कायद्यातील दोन तरतुदी प्रत्येक सुशिक्षित मुस्लिमाला माहीत असाव्यात. मदतछावणीत निवारा, अन्न, पिण्याचे पाणी, औषधोपचार आणि स्वच्छता यांची किमान पातळी ठरविणे, विधवा व अनाथांसाठी विशेष सोय करणे आणि बुडालेले उपजीविकेचे साधन पुन्हा उभे करण्यासाठी साहाय्य देणे, याविषयी त्यात स्पष्ट कलम आहे. मदत देताना लिंग, जात, समाज, वंश वा धर्म यांवरून भेदभाव करू नये, असेही वेगळे कलम आहे. म्हणजे विस्थापित माणसाला आसऱ्याची आणि उपजीविकेची गरज असते, हे कायद्याने मान्य केले आहे.

उणीव आहे ती क्रमाची. आसरा येतो तो बहुधा संकटानंतर. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्यांच्या आपत्ती निधीची जी विभागणी सुचविली, तीत दर १०० रुपयांतील ८० रुपये मदतकार्य, पुनर्उभारणी आणि सज्जता यांसाठी आहेत. त्यांतही सज्जतेचा वाटा १० रुपयांचा. धोका मुळातच कमी करण्यासाठी स्वतंत्रपणे राखले गेले ते २० रुपये. पूर्वी एवढेही नव्हते, म्हणून हे पाऊल स्वागतार्हच आहे. तरीही या हिशेबातून आपली सामूहिक मनोवृत्ती दिसते : मेलेल्याच्या वारसाला मदत देण्यास आपला हात सहज उघडतो, जिवंत माणसाला वेळेत हलविण्यासाठी तो जड होतो.

मुंगी, नौका आणि धान्याची कोठारे

आता पवित्र कुरआनकडे वळू या. धोक्याची सूचना देणे हे प्रेषितांचे कार्य होते. ‘नज़ीर’ या शब्दाचा अर्थच सावध करणारा असा आहे. म्हणून सूचना कशी द्यावी हे शिकायचे असेल तर कुरआनइतका उत्तम शिक्षक नाही.

सूरह नम्लमध्ये एका मुंगीचा उल्लेख आहे. हजरत सुलैमान (अ.) यांचे सैन्य मुंग्यांच्या खोऱ्यात येत असल्याचे पाहून ती आपल्या समूहाला सावध करते. तिच्या बोलण्याचा क्रम लक्षात घ्या. ती प्रथम बिळांत शिरण्यास सांगते आणि नंतर कारण सांगते की, सुलैमान व त्यांचे सैन्य नकळत तुम्हाला चिरडून टाकतील. आधी आसरा, मग धोका. तसेच ती सैन्यावर दुष्टपणाचा आरोप करीत नाही, ‘नकळत’ हा शब्द वापरते. मोठी सत्ता लहान जिवांना बहुतेक वेळा नकळतच चिरडते. म्हणूनच हजरत सुलैमान (अ.) तिचे बोलणे ऐकून स्मित करतात आणि लगेच अल्लाहकडे प्रार्थना करतात की, त्याच्या देणग्यांबद्दल कृतज्ञ राहण्याची व त्याला पसंत पडतील अशी सत्कृत्ये करण्याची बुद्धी मिळावी. सत्ताधाऱ्याने लहानातल्या लहान जिवाचा आवाज ऐकावा, यापेक्षा मोठा धडा कोणता?

हजरत नूह (अ.) यांनी साडेनऊशे वर्षे आपल्या लोकांत राहून त्यांना सावध केले. परंतु पुराची वेळ जवळ आली तेव्हा अल्लाहने त्यांना नौका बांधण्याची आज्ञा दिली. कोरड्या जमिनीवर नौका बांधणाऱ्याची समाजातील प्रतिष्ठित मंडळी थट्टा करीत होती, असे सूरह हूद सांगते. संकटापूर्वीची तयारी प्रत्येक युगात हास्यास्पद वाटते आणि तीवरचा खर्च वायफळ वाटतो. सूचनेबरोबर नौका उभी होती, म्हणूनच ज्यांनी ऐकले त्यांना जाण्यासाठी जागा होती.

तिसरे उदाहरण हजरत यूसुफ (अ.) यांचे. मिसरच्या राजाने केवळ स्वप्नाचा अर्थ विचारला होता. सात वर्षांचा दुष्काळ येणार एवढे सांगून ते थांबले असते, तर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पूर्ण झाले असते. परंतु तुरुंगात असतानाही त्यांनी त्याच उत्तरात योजना सांगितली : सात वर्षे नेटाने पेरणी करावी, खाण्यापुरते काढून उरलेले धान्य कणसांतच राहू द्यावे, म्हणजे पुढील सात कठीण वर्षे निभावतील. नंतर ते स्वतः कोठारांची जबाबदारी मागून घेतात आणि आपली पात्रता दोन शब्दांत सांगतात : रक्षण करणारा आणि जाणकार. आपत्ती व्यवस्थापनाच्या अधिकाऱ्यासाठी याहून नेमकी अट आजवर कोणी लिहिलेली नाही. नुसता प्रामाणिक असून भागत नाही, त्याला कामाचे ज्ञान हवे. आणि नुसता ज्ञानी असून भागत नाही, तो अमानत सांभाळणारा हवा. हेही विसरू नका की, ज्या राजाच्या राज्यात आणि ज्या प्रजेसाठी त्यांनी हे केले, ती त्यांच्या धर्माची नव्हती. भूक आणि पूर माणसाचा धर्म विचारीत नाहीत, म्हणून अन्न आणि आसरा देणाऱ्यानेही तो विचारू नये.

बीळ, नौका, कोठार. कुरआनात सूचना एकटी येत नाही, तिच्याबरोबर जाण्याचे ठिकाण येते.

‘आमचे काम केवळ कळविणे’

येथे एखादा वाचक आक्षेप घेईल. सूरह यासीनमध्ये प्रेषित स्वतःच सांगतात ना, की आमच्यावर केवळ स्पष्टपणे संदेश पोहोचविण्याची जबाबदारी आहे? मग तलाठ्याने वा तहसीलदाराने नोटीस पोहोचविली तर त्याला दोष का द्यावा?

आक्षेप विचार करण्याजोगा आहे. परंतु ते वचन श्रद्धेच्या संदर्भात आहे. श्रद्धा ही मनाची गोष्ट आहे, तेथे जबरदस्ती नाही आणि कोणी दुसऱ्याच्या वतीने ईमान आणू शकत नाही. म्हणून तेथे पोहोचविण्यापलीकडे जबाबदारी नाही. प्राण, अन्न आणि निवारा यांचे तसे नाही. तेथे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी वेगळे माप दिले आहे. बुखारी व मुस्लिम यांतील प्रसिद्ध हदीसचा आशय असा की, तुमच्यापैकी प्रत्येक जण राखणदार आहे आणि प्रत्येकाला त्याच्या कळपाविषयी विचारले जाईल. शासकाला त्याच्या प्रजेविषयी विचारले जाईल. मेंढपाळाने लांडगा येत असल्याची हाक दिली आणि वाड्याचे दार बंदच ठेवले, तर त्याने राखण केली असे कोण म्हणेल?

हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत, हिजरी १८ मध्ये, अरबस्तानात भीषण दुष्काळ पडला. जमीन राखेसारखी झाली, म्हणून त्या वर्षाला ‘आमुर्रमादा’ म्हणतात. त्यांनी शाम आदी प्रांतांच्या अधिकाऱ्यांना लिहून धान्याचे काफिले मागविले, मदीनेभोवती जमलेल्या भुकेल्यांसाठी अन्न शिजविण्याची व्यवस्था केली आणि लोकांना मिळत नाही तोवर तूप खाणे स्वतःवर बंद केले. इतिहासकार सांगतात की, त्या वर्षी त्यांनी जकातीची वसुली लांबणीवर टाकली आणि भुकेपोटी चोरी करणाऱ्यावर चोरीची शिक्षा बजावली नाही. या निर्णयात आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. आज्ञा कायम होती. परंतु ती पाळण्याचे साधन लोकांकडे उरले नव्हते, आणि साधन नसलेल्या माणसावर आज्ञेचे ओझे टाकणे हा न्याय नव्हे, हे त्यांनी ओळखले. जो माणूस मजुरी सोडून जाऊ शकत नाही, त्याला ‘जा’ असे सांगणे आणि तो गेला नाही म्हणून त्यालाच दोषी ठरविणे, हे त्या न्यायाच्या विरुद्ध आहे.

याच मावळात अलीकडे घडलेली घटना पाहा. १५ जून २०२५ रोजी, रविवारी, इंद्रायणीवरील कुंडमळा येथील जुना लोखंडी पूल कोसळून चौघांचा मृत्यू झाला. पूल धोकादायक असल्याचा फलक तेथे होता. फलक होता, पण पूल खुला होता. नव्या पुलाला मंजुरी होती, पण नवा पूल नव्हता. सूचना आणि आसरा यांच्यामधल्या त्या रिकाम्या जागेत माणसे पडली.

तकदीर कोणाचे उत्तर आहे?

दुर्घटनेनंतर एक वाक्य हमखास ऐकू येते : अल्लाहची मर्जी. आपला यावर ईमान आहे. पाणीही त्याच्या आज्ञेने पडते आणि मृत्यूही त्याच्या ठरविलेल्या वेळी येतो. बुडून मेलेला आणि ढिगाऱ्याखाली दबून मेलेला ईमानधारक शहीदांमध्ये गणला जातो, असे प्रेषित (स.) यांनी सांगितले आहे. ज्याने आपले माणूस गमावले त्याच्यासाठी ही केवढी मोठी सांत्वना आहे! पण ती सांत्वना शोकाकुल माणसाची आहे. जबाबदार माणसाची ती ढाल होऊ शकत नाही. मृताचा दर्जा उंचावला म्हणून त्याच्या मृत्यूस कारणीभूत झालेल्या निष्काळजीपणाचा हिशेब माफ होत नाही. तकदीर हे दुःखाचे उत्तर आहे, हलगर्जीचे नव्हे.

त्याचबरोबर न्यायाने बोलायचे तर हेही मान्य केले पाहिजे की शासनाला सर्व काही आधी कळू शकत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ती ठाकर आदिवासींची वस्ती दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हतीच. वर जाण्यास गाडीरस्ता नव्हता, यंत्रे चढविता आली नाहीत, बचाव करणारे पायी डोंगर चढले. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. परोक्षाचे ज्ञान, म्हणजे इल्मे गैब, केवळ अल्लाहला आहे. यादी करणाऱ्याला नाही. म्हणूनच यादीवर विसंबून चालत नाही. प्रत्येक डोंगरी वस्तीजवळ पावसाळ्यात खरोखर राहता येईल अशी एखादी पक्की शाळा, सभागृह, जनावरांसाठी शेड आणि तेथवर जाणारा रस्ता असला, तर यादीतली चूकही जीवघेणी ठरणार नाही.

आणि हे आपत्ती येण्यापूर्वी, घाई नसताना, गावकऱ्यांना विचारून झाले पाहिजे. माळीणच्या वाचलेल्या लोकांसाठी नवे गाव वसविण्यात आले आणि एप्रिल २०१७ मध्ये घरे त्यांच्या ताब्यात देण्यात आली. पहिल्याच पावसाळ्यात तेथील रस्ते व भराव खचल्याच्या बातम्या आल्या. आसरा देणे म्हणजे चार भिंती मोजून देणे नव्हे. ज्याला तेथे राहायचे आहे त्याच्या डोळ्यांनी पाहून तो उभा करावा लागतो.

नूहपुत्राचा डोंगर

आतापर्यंत आपण सत्ताधाऱ्यांविषयी बोललो. आता स्वतःविषयी बोलू.

हजरत नूह (अ.) यांचा एक मुलगा नौकेत चढला नाही. बाप हाक मारीत होता आणि तो म्हणत होता, मी डोंगराचा आश्रय घेईन, तो मला पाण्यापासून वाचवील. डोंगराने वाचविले नाही. नौका समोर उभी असताना डोंगराकडे धावणाऱ्यासाठी हे उदाहरण आहे. लोहगडवाडीच्या शेतकऱ्यापाशी नौका नाही, म्हणून तो थांबतो. त्याच्यावर ते लागू होत नाही. ते लागू होते आपल्याला, जे सुटीच्या दिवशी स्वेच्छेने पाण्याकडे जातात आणि ज्यांचे सुरक्षित घर मागे उभे असते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागील धबधब्यात पुण्यातील एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, त्यांत लहान मुले होती. त्या कुटुंबाला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्यांच्यासाठी आपण दुआच करावी. परंतु वर डोंगरात पाऊस वाढला की खालच्या ओढ्याचे पाणी काही क्षणांत चढते, हे आपल्या मुलांना शिकविण्याची जबाबदारी मात्र आपली आहे. आपल्याच हातांनी स्वतःला विनाशात लोटू नये, अशी आज्ञा सूरह बकरामध्ये आहे. बंदीचा फलक ओलांडून पाण्यात उतरणारा केवळ स्वतःचा जीव धोक्यात घालीत नाही. त्याला शोधण्यासाठी लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या संस्थेचे स्वयंसेवक त्याच पाण्यात उतरतात. त्यांच्या आयांनाही ते हवे आहेत.

दुसरे आपल्या जमातीविषयी. कोल्हापूर-सांगलीचा २०१९ चा महापूर असो वा चिपळूण-महाडचा जुलै २०२१ चा, आपल्या तरुणांनी आणि संस्थांनी सर्व धर्मांच्या लोकांपर्यंत अन्न पोहोचविले, घरांतील चिखल काढला. अल्लाह त्यांना उत्तम मोबदला देवो. पण सरकारचा जो दोष आपण वर पाहिला, तो आपल्यातही आहे. आपलीही देणगीपेटी पूर आल्यावर उघडते. पावसाळ्यापूर्वी आपल्या मोहल्ल्यातील वृद्ध, अपंग आणि एकट्या राहणाऱ्या स्त्रियांची नोंद किती मशिदींपाशी असते? अतिवृष्टीचा इशारा मशिदीच्या ध्वनिक्षेपकावरून सर्वांना सांगण्याची आणि त्याच वेळी मदरशाचे दालन सर्वांसाठी उघडण्याची व्यवस्था किती गावांत ठरलेली असते? जिल्हा प्राधिकरणाच्या बैठकीत किंवा ग्रामसभेत उठून ‘सुरक्षित स्थळ कोणते, तेथे जेवण आणि चारा कोण देणार’ असा प्रश्न आपल्यापैकी किती जण विचारतात? सदक्याचा एक भाग धोक्याच्या वाडीतील मजुराची आठ दिवसांची बुडालेली मजुरी भरून देण्यासाठी राखून ठेवला, तर त्या नोटिशीला अर्थ येईल. मेलेल्याच्या घरी पाठविलेल्या धान्यापेक्षा तो सदका लहान वाटेल, त्याचे छायाचित्रही कोठे छापून येणार नाही. पण ज्याने एका माणसाचा जीव वाचविला त्याने जणू साऱ्या मानवजातीला वाचविले, ही कुरआनची शिकवण आपण सर्व जण जाणतोच.

येत्या पावसाळ्यात आपण मावळात गेलात, तर कड्याकडे पाहताना त्याखालच्या घरांकडेही एकवार पाहा. आणि जेथे कोठे आपला शब्द चालतो, मग ते घर असो, मोहल्ला असो, संस्था असो वा शासकीय कचेरी, तेथे कोणाला धोक्याची सूचना देण्याआधी स्वतःला विचारा : त्याने माझे ऐकले, तर त्याला जाण्यासाठी मी कोणते दार उघडून ठेवले आहे?

अल्लाह आपल्या राज्यकर्त्यांना राखणदाराची जाणीव देवो, डोंगराखाली राहणाऱ्या सर्वांचे रक्षण करो, आणि संकट येण्यापूर्वी एकमेकांच्या उपयोगी पडण्याची सद्बुद्धी आपणा सर्वांना देवो. आमीन.